उद्या हे उचलायचं का?

हिंजवडीच्या कंपनीत असताना आम्हाला एकदा थंडगार हॉलमध्ये बसवून एका तरुणाने दिवसभर शिकवलं, की माणसाने अधूनमधून थांबावं, आपण कुठे चाललोय ते बघावं आणि करिअरची दिशा तपासून घ्यावी. तो फार मनापासून बोलत होता. हातात माइक, पायात पांढरेशुभ्र बूट, आणि स्वतः मात्र आयुष्यात कधी कुठे थांबला असेल असं वाटत नव्हतं. मध्येच त्याने मला विचारलं, "सर, तुम्ही असं कधी थांबून बघितलंय?" म्हटलं, "दरवर्षी. लहानपणापासून." सगळे माना वळवून माझ्याकडे कौतुकाने बघायला लागले. त्यातून पुढे काय झालं, हे मात्र कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर ते शिबिर चहाच्या आधीच आटोपलं असतं.

आमच्या घरी दसऱ्यापेक्षा खंडेनवमी मोठी. शनिवार पेठेत एका तिमजली इमारतीत आमच्या दोन खोल्या होत्या. नवमीच्या सकाळी बाहेरच्या खोलीत पाट मांडायचा आणि ज्याने त्याने आपापलं हत्यार आणून त्यावर ठेवायचं. आईची विळी, ताईची आणि माझी पुस्तकं. वडील सरकारी कचेरीत टायपिस्ट होते. टाइपरायटर काही घरी आणता येत नव्हता, म्हणून ते रिबिनीची रिकामी, चपटी, गोल डबी ठेवायचे. "मशीन सरकारचं, डबी माझी," असं दरवर्षी म्हणायचे. हळदकुंकू वाहून, झेंडूची फुलं ठेवून पूजा झाली, की दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्या वस्तूंना हात लावायचा नाही. विळी पाटावर अडकायची, म्हणून आई भाजी आदल्या दिवशीच चिरून ठेवायची. पुस्तकांना शिवायचं नाही म्हटल्यावर आम्ही तर खूषच असायचो.

इथवर चारचौघांच्या घरी असतं तसंच. पुढचं वडिलांनी कुठून आणलं होतं देव जाणे. संध्याकाळी दिवा लागला की ते पाटासमोर मांडी घालून बसत, आम्हाला बसवत आणि एकेकाला विचारत, "उद्या हे उचलायचं का?" म्हणजे, जे करतोय तेच पुढे करायचं का? उत्तर घाईने द्यायचं नाही. आपल्या वस्तूकडे जरा वेळ बघायचं आणि मग बोलायचं. 'नाही' म्हणायला पूर्ण मुभा होती. अट एकच, नाही म्हटलं तर त्याऐवजी काय उचलणार ते तिथल्या तिथे सांगायचं.

मी एकदा गणिताच्या पुस्तकाकडे बघून ठणकावून 'नाही' म्हटलं.

"बरं," वडील म्हणाले. "मग काय उचलणार?"

"विटीदांडू."

"उचल की. पण गणित सोडल्यावर विटी किती लांब गेली ते मोजायला कोणाला बोलावणार आहेस?"

ताई फिदीफिदी हसली आणि मी गणित उचललं. आईला विचारायची त्यांची हिंमत एकदाच झाली होती. आई म्हणाली, "मला विचारूच नका. मी उद्या विळी उचलली नाही, तर सोनं वाटून आल्यावर तीच आपट्याची पानं खाल सगळे." त्यानंतर आईला या प्रश्नातून कायमची सूट मिळाली.

सगळ्यात शेवटी वडील तोच प्रश्न स्वतःला मोठ्याने विचारत. डबीकडे बघत, आणि म्हणत, "उचलायचं." दरवर्षी तेच. आम्हाला ते आरतीच्या शेवटच्या ओळीसारखं पाठ झालं होतं. त्यानंतर लगेच जेवण असायचं.

एका वर्षी मात्र त्यांना वेळ लागला. मी सहावी-सातवीत असेन. ते डबीकडे बघत राहिले, बघतच राहिले. आई वाती वळत होती, तिचे हात थांबले. मग त्यांनी मान वर केली, ताईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि "उचलायचं" म्हणून उठले. मला वेगळं काही वाटलं नाही. श्रीखंड होतं त्या दिवशी, माझं सगळं लक्ष तिकडे होतं. त्यांना त्या डबीऐवजी काय उचलायचं होतं, हे मला आजतागायत माहीत नाही. ते गेल्यावर मी आईला विचारलं, तर म्हणाली, "मला सांगितलं असतं तर ते तुझे वडील कसले?"

मी ड्राफ्ट्समन झालो. तसा कोर्स केला आणि लक्ष्मी रोडजवळच्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात लागलो. तिरक्या बोर्डावर ट्रेसिंग पेपर ताणून लावायचा आणि शाईच्या पेनाने इमारतींचे नकाशे काढायचे. रेघ चुकली तर ब्लेडच्या कोपऱ्याने शाई खरवडून काढायची, पण इतक्या हलक्या हाताने की कागदाला कळता कामा नये. ते मला फार चांगलं जमायचं. पाटावर आता माझा टी-स्क्वेअर, म्हणजे बोर्डावर रेघा मारायची लांब पट्टी, आला. तो पाटाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर यायचा आणि आई येताजाता त्याला अडखळायची. "जरा आखूड काही शिकला असतास," म्हणायची. रविवारी सायकल काढून मी कोथरूडला जायचो, तेव्हा नवीन इमारतींतून मी काढलेल्या खिडक्या दिसायच्या. कोणी त्यांत गाद्या वाळत टाकलेल्या असायच्या, कोणी तुळस ठेवलेली असायची. बरं वाटायचं. उचलायचं का, असं वडिलांनी विचारलं की मी खरोखर विचार करून 'उचलायचं' म्हणायचो.

मग एका पावसाळ्यात, माझं लग्न होऊन मुलगी झाली होती तेव्हा, जवळच्या एका टेक्निकल शाळेतले ड्रॉइंगचे शिक्षक आजारी पडले. मुख्याध्यापक आमच्या साहेबांच्या ओळखीचे. सकाळचे दोन तास मी जाऊन शिकवावं असं ठरलं. पहिल्या दिवशी मी फळ्यावर जिन्याचा छेद काढला. जिना मधोमध कापला तर आत काय दिसेल, एवढंच. आधी वर्गात गोंगाट होता. मी पायऱ्या एकेक करत वर नेल्या, खाली सळया दाखवल्या, आणि कधीतरी लक्षात आलं की सगळे गप्प बसलेत आणि मान वर करून त्या जिन्याबरोबर चढतायत. अंगभर खडूची धूळ घेऊन मी ऑफिसला गेलो. साहेब म्हणाले, "पिठाच्या गिरणीतून आलात का?" मी हसलो. इतकं बरं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं, आणि सांगून टाकतो, त्यानंतरही नाही.

ते शिक्षक काही परत येऊ शकले नाहीत. मुख्याध्यापक म्हणाले, "दिवाळीनंतर जागा भरायची आहे. पगार तुमच्या आत्ताच्यापेक्षा कमी पडेल, पण आपण आलात तर मला दुसरं कोणी बघायचं नाही."

त्या नवमीला वडिलांनी विचारलं, "उद्या हे उचलायचं का?"

"नाही," मी म्हटलं.

आमच्या घरात मोठ्या माणसाने 'नाही' म्हटल्याचं ते पहिलंच. वडिलांनी चष्मा काढला. विटीदांडूच्या वेळचं ते मिश्किल हसू त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं.

"मग काय उचलणार?"

"खडू."

त्यांनी चष्मा पुन्हा घातला. मग एवढंच म्हणाले, "विचार करून सांगतोयस ना? बरं." आणि माझ्या बायकोकडे वळले. ती म्हणाली, "घेऊ देत की खडू. भागवू आपण." ती मनापासून बोलत होती. मुलगी तिच्या मांडीवर होती आणि पाटावरचं झेंडूचं फूल धरायला धडपडत होती. कोणी मला अडवलं नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण असल्या गोष्टीत अडवणारं माणूस असलं तर निदान त्याच्यावर राग तरी धरता येतो.

दसऱ्याच्या सकाळी पूजा उतरवली आणि मी टी-स्क्वेअर उचलला. सिंहगड रोडला फ्लॅट बुक केला होता, साहेब मोठं काम येणार म्हणाले होते, मुलगी लहान होती. तीन कारणं होती आणि तिन्ही खरी होती. पण खरं सांगायचं तर त्यांतलं एकही त्या क्षणी डोक्यात नव्हतं. हात आपला नेहमीच्या वस्तूकडे गेला. मनाशी म्हटलं, एवढं काम होऊ दे, पुढच्या नवमीला नक्की. बायको दारात तोरण बांधत होती. तिने बघितलं आणि तोरणाची गाठ घट्ट केली. दिवाळीनंतर ती जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. चांगला मुलगा होता म्हणतात.

पुढे काय झालं ते सांगताना माझी मलाच चीड येते. मी दरवर्षी विचार करत राहिलो. नवमी जवळ आली की मला हुरूप यायचा. चार दिवस आधीपासून मी गंभीर चेहरा करून फिरायचो, आपलं काय चुकलं, आता कुठे वळायचं, कोणत्या शाळेत विचारून बघावं. संध्याकाळी पाटासमोर बसून सगळं नीट तपासायचो, डोळ्यांत पाणीसुद्धा यायचं, आणि मग 'उचलायचं' म्हणून जेवायला बसायचो. भूक सपाटून लागायची. विचार केला की काहीतरी केल्यासारखं वाटतं, तेवढ्यावर आणखी एक वर्ष निघतं. वडिलांनी हा प्रश्न माणसाला मोकळं करायला काढला असेल. मी त्याचा उपयोग झोप लागण्यासाठी केला.

वडील गेले, मग आई गेली. आम्ही सिंहगड रोडच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो आणि प्रश्न विचारायचं काम माझ्याकडे आलं. मधल्या काळात कॉम्प्युटर आले. ऑफिसातले बोर्ड भंगारवाल्याने नेले. ब्लेडने रेघ खरवडण्याची ती माझी कला कोणाच्या काही कामाची राहिली नाही. आता चुकलेली रेघ एका बोटाने नाहीशी व्हायची आणि ती कधी होती हेसुद्धा कळायचं नाही. मी शिकलो तेही. माझ्या वयाचे बाकीचे घरी बसले, मला हिंजवडीला नोकरी मिळाली म्हणून नातेवाइकांनी पेढे मागितले. पाटावर टी-स्क्वेअरच्या जागी माउस आला. बायको म्हणाली, "चला, आता निदान पाटावर मावतं."

हिंजवडीत मी अमेरिकेतल्या इमारतींचे जिने काढायचो. फक्त जिने. दारं दुसरा काढायचा, संडास तिसरा. कंपनीच्या बसमधून उतरलं की गेटसमोर चहाची टपरी होती. तिथे एक गावकरी रोज खुर्ची टाकून बसायचे. आमच्या कंपनीखालची जमीन एकेकाळी त्यांची, आणि आता मागच्या दोन होस्टेलांचे ते मालक. एकदा त्यांनी विचारलं, "आत काय करता वं तुमी?"

"अमेरिकेतल्या इमारतींचे जिने काढतो."

"बघाया गेलता का कधी?"

"छे. फोटोसुद्धा येत नाही."

"मंजी चढायचं न्हाई, उतरायचं न्हाई, नुसतं काढायचं," ते म्हणाले. "ब्येस हाय. हितं आमचं भाताचं खाचर हुतं. भात निदान ताटात यायचा."

ते चेष्टेत म्हणाले आणि माझ्या चहाचे पैसे त्यांनीच दिले. पण त्या दिवशी दिवसभर माझ्याकडून एक पायरीसुद्धा सरळ निघाली नाही. कोथरूडच्या खिडक्या आठवत राहिल्या.

मुलगी मोठी झाली. तिने कॉलेजात वनस्पतींचा अभ्यास केला आणि शेवटच्या वर्षी मांजरी गावातल्या एका प्रयोगशाळेत उसाची रोपं काचेच्या बाटल्यांमधून वाढवायला शिकली. रोज इतक्या लांब बसने जायची आणि उन्हाने रापलेलं तोंड घेऊन हसत यायची. "बाबा, एका कोंबापासून शेतभर ऊस!" म्हणून मला हातांनी दाखवायची. पण तिथली जागा हंगामी, पगार नावाला. मैत्रिणींबरोबर तिने एक कोर्स केला आणि तीही हिंजवडीला लागली. दुसऱ्यांनी केलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम. घरी आली की दार लावून घ्यायची. पाटावर तिचा लॅपटॉप आला, मी विचारायचो, ती "उचलायचं" म्हणायची, तोंडही वर न करता.

परवाच्या गणपतीत मात्र ती स्वयंपाकघरात आईला मोदकांना पाऱ्या करून देत होती, तेव्हा मला म्हणाली, "मांजरीच्या प्रयोगशाळेतल्या मॅडमचा फोन आला होता. कायमची जागा निघालीये. पगार निम्म्याहून कमी आहे. पण मला जायचंय."

"मग जा की," मी म्हटलं.

"असं नाही. नवमीला रीतसर विचारा, तेव्हा सांगते. मला एकदा पाटासमोर 'नाही' म्हणायचंय." आणि ती हसली. कितीतरी दिवसांनी मी तिला हसताना बघितलं.

त्या रात्री मला वाटलं, चला, एवढ्यासाठी तरी हे सगळं चालू ठेवलं ते बरं झालं. आपल्याला जमलं नाही, तिला जमेल. तिने 'नाही' म्हटलं, की लगेच काय म्हणायचं ते मी ठरवून ठेवलं. 'उचलू नकोस. घरचं मी बघतो.' हे वाक्य मी अंघोळ करताना म्हणून बघायचो.

पितृपंधरवड्यात मला कंपनीने बोलावलं. काचेच्या केबिनमध्ये एक मुलगी होती, माझ्या मुलीहूनही लहान. ती म्हणाली, "सर, तुमचं काँट्रिब्यूशन आम्ही खूप व्हॅल्यू करतो." मग म्हणाली की जिने आता सॉफ्टवेअर आपले आपण काढतं. तिचा आवाज कापत होता, तिला बहुतेक ते त्या दिवशी बऱ्याच जणांना सांगायचं होतं. मीच तिला म्हटलं, "पाणी घ्या." लॅपटॉप, माउस, गळ्यातलं कार्ड, सगळं तिथेच जमा केलं. बाहेर आलो तर टपरीवरची खुर्ची रिकामी होती. बस वाकडच्या पुलावर रोजच्यासारखीच अडकली, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला ती अडकून राहावी असं वाटलं.

बायको म्हणाली, "होईल काहीतरी." दुसऱ्या दिवशी वाणसामान मुलीने आणलं. विजेचं बिल तिने भरलं. मी चार ठिकाणी फोन केले. एकाने वय विचारलं आणि नंतर फार आदराने बोलायला लागला. टेक्निकल शाळेचीही चौकशी केली. ती बंद पडून तिथे मंगल कार्यालय झालंय.

नवमी आली. सकाळी बायकोने पाट मांडला. विळीच्या जागी हल्ली ती मिक्सरचं भांडं ठेवते. शेजारी मुलीचा लॅपटॉप. मी ठेवायला काही आणलं नाही. बायकोने माळ्यावरून टी-स्क्वेअर काढायचं नाव काढलं, तर मी तिच्यावर खेकसलो. तिने मग मधली जागा तशीच मोकळी सोडली आणि तिथे एक झेंडूचं फूल ठेवलं. त्या फुलाकडे बघवत नव्हतं.

संध्याकाळी मी गॅलरीत जाऊन बसलो. या वर्षी विचारायचंच नाही, असं ठरवलं होतं. बायको येऊन म्हणाली, "अहो, ती बसलीये केव्हाची. विचारा ना." मी जाऊन मांडी घातली. गुडघे वाजले. समोर मुलगी, मध्ये पाट.

"उद्या हे उचलायचं का?"

माझं वाक्य माझ्याजवळ तयार होतं. त्याचा पहिला अर्धा भाग अजूनही खरा होता. उचलू नकोस, एवढं म्हणायला कोणाला पगार लागत नाही.

ती लॅपटॉपकडे बघत राहिली, बघतच राहिली. बायकोने निरांजनात तूप घालायला भांडं उचललं होतं, ते तिच्या हातात तसंच राहिलं. मग मुलीने मान वर केली. आईकडे बघितलं. मधल्या मोकळ्या जागेकडे बघितलं. आणि माझ्याकडे बघितलं.

"उचलायचं, बाबा," ती म्हणाली आणि उठली. "चला, पानं घेते."

वडिलांनी त्या वर्षी डबीवरून नजर काढून आमच्याकडे का बघितलं होतं, ते मला तेव्हा कळलं. श्रीखंडाची वाट बघत बसलेला मी त्यांना दिसलो होतो. आज मी तिला दिसलो. आतून ताटं मांडल्याचा आवाज येत होता. मांजरीचं काय, एवढं विचारायला माझं तोंड उघडायला हवं होतं. ते उघडलं नाही, कारण तिने 'उचलायचं' म्हटल्याबरोबर मला, तिच्या बापाला, हायसं वाटलं होतं.